तंबाखू सोडताना: निकोटिन शरीरात काय करतं आणि आपण काय करायचं

तंबाखू सोडायची म्हणणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न हमखास येतात. एकदम बंद केली तर शरीराला झटका बसेल का? औषध दुकानातला निकोटिनचा गम घ्यायचा म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं नाही का? मशेरीत कसलं आलंय निकोटिन? आणि सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा: तंबाखू खाल्ल्याशिवाय सकाळी पोटच साफ होत नाही, मग सोडू कशी?

हा गोंधळ वाचकांचा दोष नाही. तंबाखू सोडण्याबद्दल जे काही छापून येतं ते बहुतेक सिगारेटबद्दल असतं आणि आपल्याकडची तंबाखू मुख्यतः चघळली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणून हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे जे तंबाखू मळतात, मावा किंवा खर्रा खातात, मशेरी लावतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना पुढे दिल्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. तंबाखू एकदम बंद केल्याने जिवाला धोका होत नाही. त्रास होतो, तो खरा असतो, पण तो संपतो. दारूचं मात्र तसं नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. दोन्ही व्यसनं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकदम थांबवू नका.

निकोटिन डोक्यात काय करतं

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायनं वापरतात. त्यांपैकी एक अ‍ॅसिटिलकोलिन. ते ज्या जागी जाऊन बसतं, तिथे निकोटिनही चपखल बसतं. मग मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं आणि ‘हे बरं वाटलं, पुन्हा कर’ अशी नोंद होते. रोज हेच होत राहिलं की मेंदू अशा जागांची संख्या वाढवतो. त्या रिकाम्या राहिल्या की बेचैनी, चिडचिड, कशातही लक्ष न लागणं सुरू होतं. यालाच आपण तलफ म्हणतो.

निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभर झोपल्यावर सकाळपर्यंत ते पार खाली आलेलं असतं. म्हणून सकाळची पहिली चिमूट सर्वांत जास्त हवीशी वाटते आणि ती खाल्ल्यावर ‘आता कुठे डोकं चालायला लागलं’ असं वाटतं. नीट पाहिलंत तर तंबाखूने तिथे तुमची हुशारी वाढवलेली नसते. रात्रभरात तिनेच आणलेली बेचैनी तिने तात्पुरती मिटवलेली असते. हा मुद्दा मनात पक्का बसवा, कारण ‘तंबाखूशिवाय मला काम सुचत नाही’ हे सोडताना सर्वांत आडवं येणारं वाक्य आहे. मेंदूतल्या या वाढीव जागा तंबाखू थांबल्यावर साधारण ६ ते १२ आठवड्यांत मूळ पातळीवर येतात.

चुना, धूर आणि वेळ

ओढलेल्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. गालात धरलेल्या तंबाखूचं हळूहळू चढतं, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वांत वर जातं आणि जास्त वेळ टिकतं. चुना इथे मोठं काम करतो. अल्कधर्मी माध्यमात निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर शोषलं जातं. चुना लावून मळलेली तंबाखू ‘लागते’ ती यामुळे. रात्री गालात बार धरून झोपणाऱ्यांच्या मेंदूला झोपेतही निकोटिन मिळत राहतं. अशांनी स्वतःला जास्त अवलंबून समजावं आणि मदत घेऊनच सोडावी.

बाकी शरीरावरचे परिणाम थोडक्यात सांगतो. निकोटिनमुळे अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. मधुमेह असेल तर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. जखम आणि मोडलेलं हाड भरायला उशीर लागतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला तंबाखूबद्दल खरं सांगा. आतड्यांची हालचालही निकोटिनमुळे वाढते. पोट साफ होण्याच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

कर्करोग कशाने होतो, व्यसन कशाने लागतं

व्यसन निकोटिनमुळे लागतं. तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसामाइन गटातल्या रसायनांमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चघळायच्या तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्याच गटात सुपारीही आहे, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो’ ही सुटका नव्हे. माझ्या मते तंबाखू सोडणाऱ्यांची ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खर्रा आणि मावा यांत तर दोन्ही एकत्र असतात.

निकोटिन त्या यादीत नाही. म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण आणि वाढीच्या वयातली मुलं यांना ते घातकच. पण मोजून, ठरावीक काळ आणि तंबाखूतल्या विषांशिवाय दिलेलं निकोटिन प्रौढ माणसाला तंबाखूतून बाहेर पडायला मदत करतं. गम, गोळी, पट्टी ही औषधं याच तत्त्वावर चालतात.

सोडण्याच्या आधी

पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. त्याआधी चार-पाच दिवस एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजता खाल्ली, तेव्हा काय करत होतो, मनात काय होतं. उठल्यापासून किती वेळात पहिली खाता, ते वेगळं लिहा. औषधाचा डोस ठरवताना डॉक्टर हाच प्रश्न विचारतात.

एकदम सोडावी की हळूहळू? धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासात ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांना थोडं जास्त यश मिळालेलं दिसतं. मी तोच मार्ग सुचवेन. ज्यांना ते अजिबात झेपणार नाही त्यांनी कमी करत जावं, पण शेवटची तारीख चार आठवड्यांपलीकडे नेऊ नये. कमी करतानाचा क्रम असा ठेवा:

- आधी झोपताना गालात धरायची बंद करा.
- मग सकाळची पहिली दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकला.
- मग जेवणानंतरची सोडा.
- चिमूट लहान करण्यावर विसंबू नका. लहान चिमूट माणूस जास्त वेळ धरून ठेवतो आणि हिशेब तोच राहतो.

आदल्या रात्री चंची, डबी, चुन्याची ट्यूब, पुड्या सगळं घराबाहेर काढा. गाडीची डिकी, शेतातली खोप, कामाच्या कपड्यांचे खिसे विसरू नका. टपरीवर उधारी असेल तर ती चुकती करा आणि ‘मला देऊ नका’ असं स्पष्ट सांगा. घरच्यांना तारीख कळू द्या. पहिले काही दिवस तुम्ही चिडाल, ते त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

पहिले तीन आठवडे

त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. डोकं जड होणं, राग, उदासी, झोप बिघडणं, भूक वाढणं हे सगळं त्यात येतं. ‘मला तंबाखू सोडणं मानवत नाही’ असा निष्कर्ष बहुतेक जण तिसऱ्या दिवशी काढतात. तो दिवस मुळात सर्वांत वाईट असतो, त्यावरून काहीही ठरवू नका.

एकेक तलफ फार वेळ टिकत नाही. पाच-दहा मिनिटांत ती उतरते, तुम्ही खा किंवा खाऊ नका. तेवढा वेळ काढायचा आहे:

- तोंडात काहीतरी ठेवायची सवय झालेली असते. बडीशेप, लवंग, ओवा, फुटाणे जवळ बाळगा. सुपारी आणि ‘तंबाखूमुक्त’ पानमसाला नको.
- जागा बदला, उठून चालायला लागा, पाणी प्या.
- चहानंतरच खाण्याची सवय असेल तर पहिले दोन आठवडे चहाची जागा आणि सोबत बदला. टपरीवरच्या चहापेक्षा घरचा बरा.
- मळून देणारा मित्र असतोच. त्याला आधी गाठून सांगा. हात पुढे आल्यावर नाही म्हणणं जड जातं.
- रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि ट्रकचालकांनी पहिल्या तीन दिवसांत शक्य असेल तर सुट्टी घ्यावी किंवा लांबचा पल्ला टाळावा, कारण लक्ष विचलित होतं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ते तंबाखूच्या नावावर ढकलू नका. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा किंवा डॉक्टरांना भेटा.

पोट साफ होत नाही, त्याचं काय

हे नाटक नाही आणि कल्पनाही नाही. निकोटिन आतड्यांना रोज ढकलत होतं. ते थांबल्यावर आतडी काही आठवडे सुस्तावतात, मग स्वतःच्या गतीवर येतात. तोवर आधार द्या. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, नेहमीच्या वेळी शौचाला बसण्याचा नेम, जेवणात भाकरी, पालेभाजी, मोडाची कडधान्यं, पेरू. रात्री इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यायला हरकत नाही. तंबाखू थांबवण्याच्या आठवडाभर आधीच हे सुरू केलंत तर त्रास बराच कमी होतो. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा शौचातून रक्त गेलं, वजन घटलं, तर तपासणी करून घ्या.

दात दुखतो म्हणून तंबाखू धरणाऱ्यांना एकच सांगणं: तंबाखूने दाताची कीड बरी होत नाही, हिरड्या मात्र खाली सरकतात. दंतवैद्याकडे जा.

गम, गोळी, पट्टी: नीट वापरली तरच उपयोग

निकोटिनची ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत चघळण्याची तंबाखू सोडणाऱ्यांसाठीही समुपदेशनासोबत निकोटिनची औषधं किंवा व्हॅरेनिक्लिन सुचवलं आहे. धूम्रपान सोडण्याबाबतचा पुरावा जास्त भक्कम आहे, चघळण्याबाबत तो त्यामानाने कमी आहे. म्हणून नुसत्या गमवर सगळी भिस्त ठेवू नका, समुपदेशन सोबत हवंच.

गमबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे तो साध्या च्युइंगगमसारखा चावत राहणं. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि माणूस ‘मला चालत नाही’ म्हणून फेकून देतो. पद्धत अशी:

१. हळूहळू चावा. तिखट चव किंवा झिणझिणी जाणवली की थांबा.
२. गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. तंबाखू धरायची सवय असलेल्यांना हे पटकन जमतं.
३. चव गेली की पुन्हा थोडा चावा आणि जागा बदलून ठेवा. एक गम साधारण अर्धा तास.
४. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, शीतपेय नको. आम्लामुळे निकोटिन शोषलं जात नाही. चुन्याचं जे काम वर सांगितलं, त्याच्या नेमकं उलट इथे होतं.
५. तलफ यायची वाट पाहू नका. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत साधारण बारा आठवड्यांत बंद करा. दिवसाला २४ पेक्षा जास्त कधीच नाही.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, नाहीतर २ मिलिग्रॅमचा पुरतो. ४ मिलिग्रॅमचा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. ज्यांचं तोंड नीट उघडत नाही किंवा ज्यांची कवळी आहे त्यांना गम जमणार नाही, त्यांनी पट्टीबद्दल विचारावं. पट्टी रोज वेगळ्या जागी, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावायची. झोप उडत असेल तर रात्री काढायची.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्याव्यात. फिट येत असतील तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. व्हॅरेनिक्लिनने मळमळ होऊ शकते आणि विचित्र स्वप्नं पडू शकतात, जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, गर्भारपण असेल किंवा वय १८ पेक्षा कमी असेल तर यांतलं कोणतंही औषध स्वतःहून सुरू करू नका. गम आणि पट्ट्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, कारण लहान मुलाला तेवढं निकोटिनही विषासारखं ठरतं.

एक व्यवहाराची गोष्ट. विम्यासाठी निकोटिनची चाचणी झाली तर गम किंवा पट्टी वापरणाऱ्याचीही ती सकारात्मक येते. अर्जात तंबाखूबद्दल आणि औषधाबद्दल खरं लिहा. लपवलेली माहिती पुढे दावा नाकारायला कारण ठरते.

मशेरी लावणाऱ्यांसाठी

मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. भाजल्याने निकोटिन नाहीसं होत नाही. दात घासायला म्हणून सुरू झालेली मशेरी दिवसातून चार-पाच वेळा लागू लागली, न लावता डोकं दुखू लागलं, की ते व्यसनच. घरातल्या कोणी याला व्यसन म्हटलेलं नसतं, त्यामुळे बायका मदतही मागत नाहीत. ताई, मावशी, आजी, ही मदत तुमच्यासाठीही आहे.

मुंबईत १,२१७ गर्भवती महिलांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू वापरणाऱ्यांपैकी बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. गर्भारपणात सोडायची असेल तर आशाताईंना किंवा तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. सुरुवात ब्रश आणि साध्या टूथपेस्टपासून करा, आणि दात घासण्याची वेळ तीच ठेवा म्हणजे हाताला रिकामं वाटणार नाही.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हे लक्षात घ्या

धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन आणि काही औषधं लवकर फोडतं. धूम्रपान थांबलं की हा वेग कमी होतो. म्हणून चहा-कॉफी जवळजवळ निम्मी करा, नाहीतर कॅफिनमुळे होणारी धडधड आणि उडालेली झोप तुम्ही तंबाखू सोडल्याचा त्रास समजाल. थिओफिलिन, क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. मधुमेह असलेल्यांनी साखर जास्त वेळा तपासावी. ई-सिगारेट हा पर्याय नाही: २०१९ च्या कायद्याने तिचं उत्पादन, विक्री, आयात आणि जाहिरात भारतात बंद आहे.

मोफत मदत आणि तुमचे हक्क

- तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. एका फोनवर थांबू नका, ठरल्या तारखेच्या आसपास ते पुन्हा फोन करतात.
- राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत. तिथे समुपदेशन मोफत मिळतं, औषधाबद्दल विचारा.
- २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने कचेरी, हॉटेल, बसस्थानक अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. सोडू पाहणाऱ्याने सहकाऱ्याला ‘इथे ओढू नका’ म्हणणं हा त्याचा हक्क आहे.
- १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणं आणि शाळा-महाविद्यालयापासून १०० यार्डांच्या आत विकणं गुन्हा आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलाला पुडी आणायला पाठवणाऱ्या मोठ्यांनीही हे वाचावं.
- महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. विक्री दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा.

पुन्हा खाल्ली तर

एका लग्नात, एका तेराव्याला, एका भांडणानंतर चिमूट तोंडात जाते. बऱ्याच जणांचं हे होतं आणि बऱ्याच जणांना कायमचं सोडायला एकाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. थुंका, चूळ भरा, कुठे आणि कोणासोबत खाल्ली ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पुन्हा थांबवा. ‘आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू’ असं म्हटलं की मेंदूला पुन्हा पूर्ण आठवडा निकोटिन मिळतं. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा आणि समुपदेशकाला सांगा.

तोंड स्वतः पाहा

सोडली असो वा नसो, महिन्यातून एकदा चूळ भरून, आरशासमोर चांगल्या उजेडात तोंड तपासा. गालाची आतली बाजू, ओठ उलटा करून हिरडी, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहा. यांपैकी काही आढळलं तर दंतवैद्याला दाखवा:

- पांढरा किंवा लाल चट्टा, जो पुसून जात नाही
- दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ
- तिखट खाताना नव्याने होऊ लागलेली आग
- स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न जाणं
- मानेला गाठ, गिळताना त्रास, आवाजात बदल

यांत दुखणं हे लक्षण नाही, कारण सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. दुखत नाही म्हणून थांबू नका, याच आठवड्यात दाखवा.